मशीन थांबू नये म्हणून

कुसगावात पावसाळ्याचे चार महिने काही म्हणून वाळत नाही. सकाळी दोरीवर टाकलेली चादर संध्याकाळी जास्त जड होऊन खाली येते. मिठाला पाणी सुटतं, आगपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव उगवते. आमच्या शेजारचे बंगले शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. ती मंडळी या धुक्यासाठीच येतात, त्यात नाचतात, फोटो काढतात आणि सोमवारी कोरड्या घरी निघून जातात. जाताना आमच्या फाटकाशी थांबून एखादा म्हणतोच, ‘काका, काय नशीबवान तुम्ही, रोज ही हवा.’ त्याला धरून आमच्या घरात महिनाभर बसवावा असं मला वाटतं.

कारण तीच हवा माझ्या बायकोच्या फुप्फुसात जात होती. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. कडक झालेला भाग परत मऊ होत नाही. गोळ्या आहेत, पण त्या फक्त वेग कमी करायच्या. डॉक्टर म्हणाले, ‘ओल आणि खोकला, या दोन गोष्टी सांभाळा. खोकल्याची उबळ आली की प्रत्येक वेळी त्या एक पायरी खाली येतील, आणि ती पायरी पुन्हा चढता येणार नाही.’ इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मला आवडायला हवा होता. त्या दिवशी मात्र त्याची कॉलर धरावीशी वाटली.

मुलगी पुण्यात राहते, सहाव्या मजल्यावर, कोरड्या ठणठणीत फ्लॅटमध्ये. ती म्हणाली, ‘आई, पावसाळाभर माझ्याकडे चल.’ बायकोनं मान हलवली. ‘वर्षावास झाला की मग न्या कुटं न्यायचं त्ये. आत्ता मी हितनं हलनार न्हाई.’

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या वस्तीत रोज ग्रंथाचं वाचन असतं. विहारात बाया जमतात, वंदना होते, मग एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणारी कायम माझी बायको. आम्ही कान्ह्याहून इथं राहायला आलो त्या पावसाळ्यात तिच्या हातात ग्रंथ आला, तो दुसऱ्या कुणी घेतलाच नाही. अंगणवाडीत सगळी नोकरी पोरं सांभाळण्यात गेलेली, त्यामुळे आवाज असा, की मागच्या ओळीत डुलक्या काढणारी म्हातारीही दचकून सरळ बसायची. यंदा विहाराची चढण तिला जमेना. तेव्हा बायाच म्हणाल्या, ‘ताई, तुमी येऊ नका, आमी येतो.’ दुपारचं वाचन आमच्या घरी, तिच्या खोलीत सुरू झालं. आता तिला दुसरं काही नकोच होतं. यंदाचा वर्षावास स्वतःच्या तोंडानं वाचून पुरा करायचा, बस्. पुढच्या वर्षीचं ती बोलत नव्हती आणि मीही विषय काढत नव्हतो.

मग जावयानं मशीन पाठवलं. गरम आणि थंड दोन्ही करणारा एसी. मी त्याला फोनवर सांगितलं होतं की खोली लहान आहे, सगळ्यात छोटा बघ. पण सासूबाईंसाठी घ्यायचं म्हटल्यावर छोटं कसं घ्यायचं? त्यानं दोन टनांचं धूड आणलं. बोलायची सोय नव्हती, पोरानं प्रेमानं आणलेलं. आमच्या लोकांत हे असंच आहे. आजारी माणसाला द्यायचं तर फळंसुद्धा टोपलीभर द्यायची, मग ती सडली तरी चालतील.

या यंत्राला हीट पंप म्हणतात. फ्रीज आतली ऊब काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तेच काम उलटं. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढायची आणि खोलीत आणून सोडायची. शेगडी नको, धूर नको, कोरडी ऊब. कागदावर याच्यासारखं औषध नाही. पहिल्या दिवशी बायको उशीला टेकून म्हणाली, ‘उनात बसल्यावानी वाटतंय.’ मीही खूश झालो. ती खुशी दुपारपर्यंत टिकली.

भानगड अशी की मशीन होतं हत्तीचं आणि खोली होती उंदराची. चालू झालं की घटकाभरात खोली तापवायचं आणि टक करून थांबायचं. थांबलं की दाराच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यातून ओल आत यायची आणि तिला खोकला सुटायचा. मग पुन्हा घुर्र करून सुरू व्हायचं आणि गरम वाऱ्याचा झोत थेट खाटेवर. त्या कोरड्या झोतानं पुन्हा खोकला. बंद होताना एक उबळ, चालू होताना एक उबळ. शिवाय त्याचं स्वतःचं तापमान मोजायचं यंत्र वर छतापाशी. गरम हवा वर जाऊन बसते, त्यामुळे वर उन्हाळा आणि खाली खाटेवर श्रावण, आणि हे शहाणं मात्र वरचं बघून समाधानानं झोपी जायचं. डॉक्टरांची पायरी माझ्या डोक्यातून जात नव्हती. हे मशीन माझ्या डोळ्यांदेखत तिला एकेक पायरी खाली ढकलत होतं.

कंपनीचा माणूस आला. रिमोट दाबला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, मशीन एकदम ओके आहे.’

मी म्हटलं, ‘मशीन ओके आहे रे बाबा. त्याच्याखाली झोपलेलं माणूस ओके नाही.’

तो ओशाळून हसला. मग निघून गेला. त्याचं तरी काय चुकलं?

मी सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. जन्मभर हेच केलं, भट्टीचं तापमान एका रेषेत ठेवायचं. निवृत्त झाल्यावर तो कारखाना डोक्यातून काढून टाकला होता, तो परत आत घेतला. सर्किटची एक चिमुकली पाटी आणली, ती रिमोटसारखीच मशीनला हुकूम देते. एक सेन्सर आणला, काडेपेटीएवढी पांढरी डबी, तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकतो. ती डबी बायकोच्या उशाशी, स्टुलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. आता मशीननं छतापाशी काय आहे ते बघायचं नाही, उशाशी काय आहे ते बघायचं. आणि खोली हवी तेवढी तापायच्या आधीच पाटीनं त्याला सांगायचं, हळू हो. मशीनकडं मागितलेलं तापमान एकेका अंशानं खाली आणायचं. लांबून लाल सिग्नल दिसला की जुना रिक्षावाला ब्रेक मारत नाही, नुसती गाडी सोडून देतो, तसं. मशीन थांबत नाही, दबकत चालत राहतं.

पहिल्याच दिवशी फरक पडला. फोनवर मला उशाशी असलेल्या तापमानाची रेघ दिसायची. आधी ती करवतीच्या दात्यांसारखी होती, आता दाते बोथट झाले. खोकला निम्म्यावर आला. बायको म्हणाली, ‘तुमच्या कारखान्यात नोकरीला लागले म्हना मी.’ पण ते दाते पूर्ण जाईनात. कितीही हळू चालवलं तरी त्या धुडाचं सगळ्यात हळू चालणंसुद्धा आमच्या खोलीला जास्तच होतं. दिवसातून काही वेळा ते टक करायचंच. तो आवाज आला की मी तिच्या तोंडाकडं बघायचो.

आणि दुपारी बाया यायच्या.

माणूस नुसतं बसलं तरी जुन्या शंभर वॅटच्या बल्बएवढी ऊब देतं. खोलीत दहा-बारा बाया मांडी ठोकून बसल्या की मशीनला कामच उरायचं नाही. दुपारची रेघ टेकाडासारखी वर जायची. मी हे त्यांना एकदा समजावून सांगितलं. एक मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘मंग त्ये मशीन विका की भाऊ. आमालाच बसवा हितं पाळीपाळीनं.’ सगळ्या हसल्या, बायकोही हसली, आणि नवल म्हणजे त्या हसण्यानं तिला खोकला आला नाही. बाया उठून गेल्या की खोली एकदम उतरायची. म्हणून वाचन संपायच्या सुमारास मशीन हळूच जागं होईल, अशी सोय मी पाटीत केली. बायकोला आता ती रेघ वाचता यायला लागली होती. संध्याकाळी फोन मागून घ्यायची आणि टेकाडावर बोट ठेवायची. ‘ह्ये बघा, आज लय जनी आल्या हुत्या.’

बायांनीही तिच्यासाठी बरंच सोडलं होतं. अगरबत्ती बंद केली, धुरानं त्रास होतो म्हणून. कोपऱ्यातल्या फळीवर बुद्धमूर्ती आहे, तिच्यापुढं फक्त एक मेणबत्ती लावायच्या. येताना ओल्या छत्र्या पडवीत ठेवायच्या, पाय पुसून आत यायच्या. दार मात्र उघडं. वाचन चालू असताना दार लावायचं नाही, वाटेनं जाणारा कुणी आला तर त्याला ऐकता यावं, हा बायकोचाच नियम. मी त्यावरून वाद घातला, पण हात टेकले.

भाद्रपदातली एक दुपार. मी औषधं आणायला लोणावळ्याच्या बाजारात गेलो होतो. दुकानात रांग होती. सवयीनं फोन काढून रेघ बघितली, तर ती वर चाललेली. चांगली वर. मला बरं वाटलं. म्हटलं, आज बाया भरपूर जमल्यात. फोन खिशात घातला, केळी घेतली, एकाशी उगाच गप्पा मारत उभा राहिलो.

घरी घडलं ते मला नंतर कळलं. वंदनेच्या आधी बाया खोली आवरत होत्या. स्टुलावर ग्रंथ ठेवायचा होता. ज्या मावशी मला मशीन विकायला सांगत होत्या, त्यांनी ती पांढरी डबी उचलली. त्यांना एवढंच माहीत होतं की या डबीवर ताईंची ऊब अवलंबून आहे, भाऊ तिला फार जपतात. जिच्यावर ताईंचा जीव, ती वस्तू खाली कुठंतरी कशी ठेवायची? त्यांनी ती पदरानं पुसली आणि फळीवर ठेवली, मूर्तीपुढं, मेणबत्तीच्या अगदी जवळ. मग सगळ्यांनी हात जोडले.

डबीला मेणबत्तीची धग लागली. पाटीला वाटलं खोली भट्टी झाली आहे. तिनं मशीन हळू केलं, आणखी हळू केलं, मग बंद करून टाकलं. बाहेर धुकं असं उतरलं होतं की पडवीतून फाटक दिसत नव्हतं, आणि दार उघडं होतं. बाया लुगडी-शाली गुंडाळून बसल्या, पावसाळ्यात गार लागायचंच म्हणून. वाचणारीला गार लागत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. प्रकरण अर्ध्यावर सोडायची तिला सवय नव्हती. शेवटची ओळ वाचली, ग्रंथ मिटला, आणि मग जी उबळ सुरू झाली ती थांबेना.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा बाया तिला रिक्षात बसवत होत्या. ओठ निळे पडले होते. मी खोलीत धावलो, फळीवरची डबी बघितली, मेणबत्ती बघितली. मेणबत्ती विझवली. एरवी मी रस्त्यावरच्या माणसाशीही भांडतो. त्या मावशी दारात उभ्या होत्या. ‘भाऊ, माजं कायी चुकलं का?’ मी ‘नाही’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? देवळात चप्पल घालून गेलेल्यावर ओरडता येतं, वस्तू देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यावर कसं ओरडायचं?

दवाखान्यातून ती परत आली ती नाकात नळी घेऊन. सोबत ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टर म्हणाले, ‘आता घरी, त्यांना हवं तसं.’ या वाक्याचा अर्थ मला कळला. मुलीलाही कळला, कारण तिनं पुन्हा पुण्याला चल म्हटलं नाही. घरात ऑक्सिजन आल्यावर खोलीत ज्योत चालणार नव्हती. बायांनी ते कुठून तरी ऐकलं. शिवाय डबीचं सगळ्यांना समजलं होतं, वस्तीत काय लपतं? वाचन परत विहारात गेलं. ताईंना तरास नको, असं त्यांचं म्हणणं. वाटेत भेटल्या की जयभीम करायच्या, तब्येत विचारायच्या आणि नजर खाली घालून पुढं जायच्या. त्या मावशी तर मला बघून गल्ली बदलायच्या.

मी मशीनशी झुंजत राहिलो. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काय होतं? दोन डब्या केल्या, एक उशाशी, एक पायाशी, दोघींचं जुळलं तरच मशीननं ऐकायचं. झोत खाटेवर येऊ नये म्हणून पुठ्ठा लावला. दुपारचं टेकाड गेलं होतं, त्यामुळे काम सोपं झालं होतं. तरी दिवसातून एकदोनदा टक व्हायचंच, ते काही जाईना. बायको पडून असायची. फोन मागायची नाही. एकदा मीच रेघ दाखवली. तिनं बघितल्यासारखं केलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

आश्विनी पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा ती म्हणाली, ‘बायांना बोलवा.’ एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द, असं तिचं बोलणं झालं होतं. ‘वाचायला न्हाई जमनार. ऐकते तरी.’

मी विहारात गेलो. वाचन नुकतंच सुरू होत होतं. मी सांगितल्यावर बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मला चीड आली. मी म्हटलं, ‘तिनं बोलावलंय, मी नाही. यायचं तर या, नाही तर मी तिला सांगतो की कुणी येत नाही.’ मावशी सगळ्यांच्या आधी उठल्या.

त्या आल्या. पण खोलीत कुणी पाऊल टाकीना. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हात जोडले, नळीकडं बघितलं, आणि एक म्हणाली, ‘आमी हितंच बसतो, भाऊ. पडवीत.’ मी आत या म्हटलं, बायकोनं हातानं खूण केली, तरी नाही. धसका घेतला होता त्यांनी. पडवीत चटया अंथरल्या, मेणबत्ती लांब फाटकाच्या बाजूला आडोशाला लावली, दार उघडं ठेवलं आणि एका तरुण सुनेनं वाचायला घेतलं.

आणि पाऊस आला. परतीचा पाऊस, पडवीवर पत्रा. त्या पत्र्याखाली शेजारचं माणूस बोललं तरी कळत नाही. पोरगी बिचारी घसा ताणून वाचत होती, बाया तिच्या तोंडाकडं झुकून ऐकत होत्या. आत खाटेपर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं. बायको उशीला टेकून दाराकडं बघत होती, आणि मधून मधून बरोबर मान डोलवत होती, जिथं वाचणारी थांबायची तिथं. एवढी वर्षं वाचून, वाचणारी कधी थांबते ते तिला नुसतं बघून कळत होतं.

मी तिच्या पायाशी बसलो होतो. उघड्या दारातून ओल आत येत होती आणि मी घाबरलो होतो. फोन काढला. दार उघडं आणि आत बाया नाहीत, त्यामुळे खोलीला इतकी ऊब पहिल्यांदाच लागत होती, म्हणून मशीन एका लयीत चालत होतं. एकदाही टक झालं नाही. सगळा पावसाळा मी जी रेघ मागत होतो ती माझ्या समोर चालली होती, सरळ.

वाचन संपलं. बाया उंबऱ्याशी आल्या. मावशींनी वाकून विचारलं, ‘ताई, आलं का ऐकू?’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘समदं.’

मावशींचे डोळे भरले. सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. छत्र्या उघडून त्या एकामागं एक गेल्या. मी दार लावलं.

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग मला म्हणाली, ‘काय वाचलं वो, आज?’

पावसात मलाही काही ऐकू आलं नव्हतं, आणि उठून दाराशी जाऊन ऐकावं हे सुचलं नव्हतं. बाया वाचत होत्या तेव्हा मी फोनवरच्या रेघेकडं बघत बसलो होतो.